रंगाचे तीन हात

दिवा मिणमिणला की माणसं दिव्याकडे बघतात. पेंटर मेहुण्याकडे बघायचा. मेहुणा समोर नसला तर त्याने बसवलेल्या बॅटरीकडे बघायचा, तेही असं, की तिला जीव असता तर तिने मान खाली घातली असती.

गाडी जुनी होती. दोन पलंग, ओटा, हातभर फ्रिज आणि न्हाणीघर म्हणावं अशी एक फट, असं चाकांवरचं घर पेंटरने निवृत्तीनंतर घेतलं आणि अंगणात उभं केलं. सगळा जन्म लोकांच्या गाड्या रंगवण्यात गेलेला; आता स्वतःची मिळाल्यावर त्याने हात आखडला नाही. छत, दारं, कपाटं तर सोडाच, खाली उताणा झोपून लोखंडी सांगाड्यालाही त्याने गंज धरू नये म्हणून रंगाचे तीन हात दिले. विजेचं तेवढं त्याला कळत नव्हतं. ते काम बायकोच्या धाकट्या भावाकडे गेलं. त्याचं बॅटऱ्यांचं दुकान होतं, आणि लहानपणी त्याने प्लगच्या भोकात चमचा घातल्यापासून सगळे त्याला ठिणग्या म्हणत.

ठिणग्याने नवी बॅटरी बसवली आणि त्याच आठवड्यापासून गाडीला धाप लागली. नळ सोडला की पाण्याचा पंप घरघरायचा आणि दिवे पिवळे पडायचे. फ्रिज टकटक करून गप्प व्हायचा. तेही चालवून घेतलं असतं. पण बायकोला झोपताना श्वासाचं यंत्र लागायचं, आणि फ्रिज सुरू झाला की ते यंत्र शिट्टी मारून बंद पडायचं. यंत्र नाही तर प्रवास नाही. आणि समुद्राच्या कडेकडेने महिनाभर हिंडायचं, हे तर तिने आजारपणात अंथरुणावर पडल्या पडल्या ठरवलं होतं.

"पाणी कुठेतरी मुरतंय," पेंटर म्हणायचा. "जुनीच बॅटरी पुसूनबिसून दिलीय त्यानं. कोपऱ्यावर ओरखडा बघ."

"माझा भाऊ आहे तो. आई गेल्यावर मी वाढवलाय त्याला."

"म्हणूनच. परक्यानं फसवलं तर ओरडता येतं. इथं आपलेच दात, आपलेच ओठ."

संशय हा असा पाहुणा असतो, की एकदा पाट दिला की जेवूनही उठत नाही. पेंटरने बॅटरी टॉर्च लावून पाहिली, वास घेऊन पाहिली. ठिणग्याने मागच्या मागे बदलून नेऊ नये म्हणून तिच्या बुडाशी लाल रंगाचा ठिपकासुद्धा ठेवला. ठिणग्या फोनवर म्हणाला, "बॅटरी चांगली आहे, दुसरं काहीतरी असेल," तर पेंटरने बायकोकडे बघून भुवया उडवल्या. चोराच्या मनात चांदणं!

बायको भावाच्या बाजूने भांडत राहिली. पण रोज तेच कानावर आदळलं की दगडालाही भोक पडतं. एका दुपारी यंत्र परत बंद पडलं तेव्हा ती मास्क काढून उठून बसली.

"बोलवा त्याला. जे काय ते माझ्यासमोर होऊ दे. माझ्या श्वासाशी खेळला असेल, तर भाऊ असो नाहीतर कुणी असो, माझं दार त्याला बंद."

ठिणग्या दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन आला. बॅटरीचं झाकण काढताच म्हणाला, "भाऊजी, हा लाल ठिपका कसला?"

"उडाला असेल रंग."

ठिणग्या ठिपक्याकडे बघत राहिला. मग त्याने मीटर लावला. काटा साडेबारा व्होल्टवर गेला, म्हणजे बॅटरी पूर्ण भरलेली.

"तुझा मीटर तुझीच री ओढणार," पेंटर म्हणाला, आणि शेजाऱ्याकडून मागून आणलेला दुसरा मीटर त्याने खिशातून काढला. त्यावरही साडेबाराच. पेंटरला वाटलं, शेजारी आणि हा एकाच दुकानात जात असतील.

"ताई, सगळे दिवे लाव. नळ सोड. फ्रिजही चालू कर," ठिणग्याने आत हाक दिली. दिवे पिवळे पडले. बॅटरीवर मीटर बारापर्यंत उतरून तिथेच ठाम उभा राहिला. आतल्या दिव्याशी धरला तर दहासुद्धा धड नाही.

"म्हणजे बॅटरी देतेय, पण वाटेत कुणीतरी खातंय," ठिणग्या म्हणाला.

"तेच तर मी म्हणतोय," पेंटर म्हणाला. "कुणीतरी खातंय."

ठिणग्याने टोमणा गिळला. एक लांब वायर घेऊन त्याने दिव्याची परतीची बाजू थेट बॅटरीला जोडली, आणि दिवा लख्ख पेटला. जाणारी वाट साफ होती. बिघाड परतीच्या वाटेवर होता. या गाडीत वीज लोखंडी सांगाड्यातून फिरून एका बोल्टपाशी बॅटरीला परत मिळायची. ठिणग्या त्या बोल्टसाठी गाडीखाली शिरला. पान्याचा आवाज आला, मग खरवडल्याचा, मग बराच वेळ कसलाच नाही.

तो कपडे झटकत बाहेर आला. दिवे लख्ख, फ्रिज सुरू, पंप सुरू, आणि यंत्र मांजरासारखं गुरगुरत होतं.

"परतीच्या वायरचा, अर्थचा बोल्ट सैल होता, ताई," तो म्हणाला. "बसवताना माझ्याकडूनच राहिला."

बायकोचा चेहरा पडला. पेंटरने "काय म्हणालो होतो" म्हणायला तोंड उघडलं, आणि ते तसंच उघडं राहिलं. तो बोल्ट ठिणग्याने आवळलाच नव्हता. बॅटरी बसवली त्या दिवशी पेंटरच गाडीखाली झोपला होता, त्याने स्वतः आवळला होता, अंगातलं सगळं बळ लावून. मग हा खोटं का बोलतोय? खालून काय काढलं याने?

भाऊबहीण आत गेले तसा पेंटर टॉर्च घेऊन गाडीखाली सरपटला. बोल्ट जागच्या जागी होता. त्याच्याभोवती लोखंड रुपयाएवढं गोल खरवडून चकचकीत केलेलं, आणि खाली जमिनीवर करड्या रंगाच्या खपल्या. जाड, तीन थरांच्या. असला हात गावात दुसऱ्या कुणाचा नव्हता. वायर आणि लोखंड यांच्यामध्ये पेंटरने आपला रंग भरला होता, आणि वरून बोल्ट आवळला होता.

डोक्यावर फळीची जमीन होती, आणि पलीकडून बायकोचा आवाज येत होता.

"महिनाभर तुझ्यासाठी मी यांच्याशी भांडले. आणि खरे हेच निघाले? माझा श्वास अडकतो रे त्या यंत्राशिवाय. तू जा. परत या गाडीला हात लावू नकोस. इतक्यात घरीही येऊ नकोस."

"बरं," ठिणग्या म्हणाला. त्याने हत्यारं पिशवीत टाकल्याचा आवाज आला, एकेक.

पेंटरला गाडीखालीच राहावंसं वाटलं. गप्प राहिलं की झालं. महिनाभर जे सिद्ध करायचं होतं ते आयतं पदरात पडलं होतं. पण वरून तिचं हुंदका दाबणं ऐकू आलं, आणि त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

तो दारात उभा राहिला तेव्हा ठिणग्या पायरी उतरत होता. पेंटरने हात आडवा लावला आणि तळहातावरच्या खपल्या बायकोपुढे धरल्या.

"बोल्ट यानं नाही, मी लावला होता. माझ्याच रंगावर. वीज रंगातून जात नाही. साप साप म्हणून मी भुई धोपटत होतो."

बायको खपल्यांकडे बघत राहिली. मग भावाकडे वळली. "मग तू का रे खोटं बोललास?"

ठिणग्याने खांदे उडवले. "तुला महिनाभर यांच्याबरोबर एवढ्याशा डब्यात राहायचंय, ताई. मी काय, संध्याकाळी माझ्या घरी जाणार."

बायकोने भावाच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि ओट्यावर ठेवली. पेंटर खाकरला.

"ठिणग्या, खाली असे अजून बोल्ट असतील."

"असतील."

"मग तूही खाली चल. एकेक उघडून बघू," पेंटर म्हणाला. "सगळं मी रंगवलंय. माझ्या शब्दावर जाऊ नकोस."