थर्माकोलच्या तुळया

रंग

"दोर कुजका होता, असं सांगायचं. झालं!" सी बुजमा म्हणाले. ते बांधकाम समितीचे प्रमुख; 'सी' म्हणजे तिकडचं 'राव', तसं बाईमाणसाला 'लाल्ला'. "उद्या देणगीदार येतायत. आल्या आल्या त्यांना ही भानगड दाखवायची का?"

तूदा अंगणाकडे बघत होती. या प्रसूतीघराची आर्किटेक्ट तीच. अंगणात तुळईचं टोक पडलं होतं. वरून अक्रोडाच्या लाकडाचा रंग, रेघा, एक गाठसुद्धा. आत पांढरा थर्माकोल. शेजारी ओल्या लोकरीचा गठ्ठा.

ॲटलास पर्वतातल्या या डोंगरगावांत तुळयांची टोकं भिंतीबाहेर हातभर काढून ठेवतात. बायका त्यांवरून दोर टाकतात आणि चारा, सरपण, धुतलेली लोकर गच्चीवर चढवतात. तुळई कोणी तपासत नाही. बाहेर टोक दिसतंय म्हणजे ती आत पलीकडच्या भिंतीपर्यंत गेलेली आहे, हे पोरासोरांनाही ठाऊक असतं. सुईण लाल्ला रकियाने सकाळी तेच केलं. गाद्यांची लोकर धुतली, दोर टाकला, ओढला. गठ्ठा तिच्याच अंगावर आला आणि उजवं मनगट मोडलं.

सुईणीचं उजवं मनगट!

लिंपण

खोल्या रिकाम्या झाल्या होत्या. दूरदूरच्या पाड्यांवरून बाळंतपणासाठी आलेल्या बायका आपापली घोंगडी उचलून बाहेर, प्लास्टिकच्या तंबूत जाऊन बसल्या होत्या. भूकंपानंतर त्या पहिल्यांदाच एका छपराखाली झोपायला तयार झाल्या होत्या. आता पुन्हा उघड्यावर, आणि घाटात बर्फ. रुग्णवाहिकेला वाट नव्हती.

त्यांतल्या इत्तोच्या कळा सुरू झाल्या होत्या. तिची आई भूकंपात घराखाली गेली होती.

"इत्तो, आत चल ग," तूदा म्हणाली. "इथे गारठ्यात बाळ कसं जगेल?"

"आत तरी कुठे जगणार?" इत्तोने विचारलं आणि कळ आली तशी ओठ चावला.

"खांब काँक्रीटचे आहेत. पक्के आहेत. मी स्वतः उभी राहून ओतून घेतलेत."

"तुळईसुद्धा तूच उभी राहून चिकटवलीस ना?" इत्तोची सासू म्हणाली. तंबूत कोणीतरी हसलं. त्या हसण्याने तूदाला रडूच कोसळायचं बाकी राहिलं.

काय करावं? ती खरं बोलत होती. घर खरंच भक्कम होतं. सळया मोजूनमापून होत्या, खांब आणि वरची काँक्रीटची तुळई जिथे भेटतात तिथला सांधा तिने तीनदा नव्याने करून घेतला होता. पण तिनेच ते सगळं मातीच्या लिंपणाखाली दडवलं होतं. समितीला 'जुन्यासारखं' हवं होतं, आणि आराखड्यातलं चित्र सुंदर दिसत होतं.

थर्माकोल

तंबूच्या कोपऱ्यात लाल्ला रकिया मोडका हात गळ्यातल्या झोळीत घालून बसली होती. चेहरा राखेसारखा. पडलेलं टोक तिने पाहिलंच नव्हतं; सी बुजमांनी तिला दोर कुजका होता असंच सांगितलं होतं.

"पोरी, तू कशाला जीवाला लावून घेतेस?" ती म्हणाली. "दोर माझाच होता. जुना झाला होता. मीच वेंधळी."

खोटं आयतं समोर आलं होतं. तूदाला फक्त मान हलवायची होती!

"नाही, लाल्ला." तूदा तिच्यापुढे बसली. "दोर धड होता. ती तुळई नव्हतीच. नुसतं सोंग होतं. मी लावलेलं."

रकियाने झोळीतला हात सावरला.

"म्हणजे मी इतके तास स्वतःलाच शिव्या देत बसले," ती म्हणाली. "हात जाऊ दे. बरा होईल, न होईल. पण मी या बायकांना इथे आणलं ग. एकेकीच्या दारात जाऊन सांगितलं, बघा, तुळया बघा, आपल्यासारखं घर आहे, घाबरू नका. त्यांनी माझं ऐकलं. मी तुझ्या भिंतीचं ऐकलं. आणि भिंत खोटं बोलली."

"पण खांब खरे आहेत!"

"असतील. कोणाला दिसतायत?"

काँक्रीट

तूदा उठली. गवंड्याच्या पेटीतून हातोडा घेतला आणि दर्शनी भिंतीवर चालवला. पहिली तुळई एका फटक्यात खाली आली. दुसरी. पांढरे दाणे बर्फात मिसळून उडाले.

"अहो बाई, वेड लागलं का?" सी बुजमा धावत आले. "उद्या उद्घाटन!"

"उद्घाटन कशाचं करणार, सी बुजमा? आत माणूस नाही!"

मग ती आत शिरली. खांबावरचं लिंपण खरवडलं, वरपर्यंत, सांध्यापर्यंत. करडं, ओबडधोबड काँक्रीट उघडं पडलं. ओतताना लावलेल्या फळ्यांचे ठसे त्यावर तसेच होते; खांब वर जाऊन रुंद होत तुळईत शिरलेला दिसत होता. धुळीने माखलेली तूदा दारात आली.

"या. तुम्हीच ठोका."

इत्तोची सासू पुढे झाली. तिने दोन्ही हातांनी हातोडा हाणला. तो टणकन उडून मागे आला. तिने वर सांध्याकडे पाहिलं, खांबाला हात लावला.

"एवढं चांगलं होतं, तर झाकलंस कशाला?"

तूदाने तिच्या हातातून हातोडा घेतला आणि बाजूला ठेवला.

सगळ्या आत आल्या नाहीत. दोघी तंबूतच राहिल्या, काही केल्या हलल्या नाहीत. पण इत्तो सासूच्या खांद्यावर हात टाकून, दर पावलाला थांबत, त्या उघड्या खांबापाशी येऊन आडवी झाली. रकिया तिच्या उशाशी टेकली आणि तूदाकडे वळली.

"हात धू. गरम पाण्याने, कोपरापर्यंत. आता माझा उजवा हात तू."

"लाल्ला, मला काहीच येत नाही."

"हे बरं बोललीस. येत नाही ते येत नाही म्हणालीस की मला सांगता येतं. धू!"

वाचकहो, त्या घराला पुन्हा लिंपण चढलं नाही. आपणही घरं बांधतो, बांधून घेतो, निदान त्यांत राहतो. भार कोण वाहतंय ते दिसू द्या. काँक्रीट असेल तर काँक्रीट दिसावं, माती असेल तर माती. जे भार वाहत नाही, त्याला भार वाहण्याचं सोंग देऊ नका. कारण घाबरलेलं माणूस एकदा फसलं, की मग त्याला खऱ्या खांबाखालीही झोप लागत नाही.