धुराड्यावरचं डुक्कर

धानोऱ्याच्या राजपूत घरांत रानडुक्कर मारलं की ते त्याच दिवशी संपलं पाहिजे, असा शिरस्ता होता. तो कुणी घालून दिला, ते कुणाला ठाऊक नव्हतं. मोडायची वेळही कधी आली नव्हती, कारण डुक्कर एक असायचं आणि भाऊबंद पुष्कळ. अंगणात तीन दगड मांडून पुरुष स्वतः शिजवायचे आणि स्वतःच आपल्या हाताची तारीफ करायचे. बायका त्या वेळी दार लोटून भाकरी थापायच्या. डुकराचं मांस स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडून आत येत नसे. भाकरी मात्र तोच उंबरा ओलांडून बाहेर जायची, पण त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

त्या हिवाळ्यात छगनसिंगच्या भुईमुगात घुसलेलं डुक्कर पडलं. शेत आपलं या हक्काने त्याने पाठकण्याच्या दोन्ही अंगांचं लांबट, मऊ मांस मागून घेतलं, आणि शिजवलंच नाही. त्याला ते टिकवायचं होतं.

हे खूळ विसरवाडीचं. मागे एकदा तिथल्या बंगल्यात उतरलेल्या जंगलसाहेबाला शिकारीची वाट दाखवायला तो गेला होता. साहेबाच्या गोव्याकडच्या खानसाम्याने त्याला मागच्या दाराशी बसवून भाकरीवर एक पातळ काप ठेवला. मिठात मुरवून धुरात सुकवलेलं डुक्कर. तो काप जिभेवरून उतरला, पण डोक्यातून उतरेना. छगनसिंगने कृती विचारून घेतली. मीठ, गूळ आणि कुटलेली मिरी चोळायची, दगडाखाली दाबून ठेवायचं, सुटेल ते पाणी रोज ओतून टाकायचं, मग धुऊन, वाऱ्यावर कोरडं करून धुरात टांगायचं. "धूर द्यायचा, आच नाही," खानसामा बजावून म्हणाला होता. "आच लागली की त्याचं कालवण झालं."

मीठ आणायला तो लालचंद मारवाड्याच्या दुकानात गेला. मिठाच्या सत्याग्रहाचं साल होतं. एवढं मीठ एकदम मागितल्यावर लालचंदने तागडी खाली ठेवली.

"छगनसिंगजी, चळवळीत गेलात का काय?"

"सेठ, सरकारचं मीठ विकत घेणारा कसला चळवळीत जातो?"

"मग इतकं कशाला?"

जैनाच्या दुकानात डुकराचं नाव काढवेना. "लोणचं," छगनसिंग म्हणाला.

"पौषात?"

"अवघड लोणचं आहे," असं सांगून त्याने पिशवी उचलली.

मुरवण्याचं काम नीट झालं. घोडं धुरापाशी अडलं. अंगणात बाभळीची लाकडं पेटवली तर जाळ व्हायचा. पाणी शिंपडलं तर सगळंच विझायचं. फुंकून फुंकून दिवसभरात मांसापेक्षा छगनसिंगच जास्त धुरकटला. दुसऱ्या दिवशी मांसाच्या एका टोकाला हलकासा चिकटपणा लागला, तेव्हा हे आता नासणार, हे त्याने ओळखलं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत न चुकता धूर देणारी जागा गावात त्याला एकच माहीत होती: त्याच्या बायकोची चूल.

धनुबाई ज्वारी पाखडत होती. तो उंबऱ्याबाहेर उभा राहिला आणि सासरी गेलेल्या लेकीच्या नावाने त्याने तिला हाक मारली.

"गजरानी माय, एक इचारू का?"

"नही," धनुबाई म्हणाली.

"आधी आयक ते खरी."

"मन्हा चूलजोगे ते येवाले नको. मन्ही सासूनी आणू दिधं नही, मी बी देवाव नही. डुक्कर ते डुक्कर, मीठ लावं म्हनीसन काय पेढा व्हयनं का?"

छगनसिंग गप्प उभा राहिला. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर गप्प उभं राहण्याचा उपयोग त्याला कळला होता. सूप थांबलं.

"धूर काय करस?" तिने विचारलं.

"काय करस म्हंजे?"

"चूलमाईन निंघस, धुराडामाईन बाहेर जास. बाहेर गया की तो मन्हा नही. धाबावर काय करनं ते करा. मन्हा घरमा दखावाले नको."

हायकोर्टानेही याहून स्वच्छ निकाल दिला नसता. मांस धुराकडे येणार नव्हतं. धूर मांसाकडे जाणार होता. छगनसिंगने बूड फुटलेला एक रांजण धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छपरावर, चढवला, धुराड्याच्या भोकावर बसवला, आत मांस टांगलं आणि वर फुटकी पाटी झाकली. चुलीपासून धाब्यापर्यंत येईतो धूर गार होत होता. चिकटपणा गेला. गल्लीतून जाणारे भाऊबंद मान वर करून म्हणायचे, "छगनआबा, डुक्कर धाबावर चढाडं, आते झेंडा बी लाव!"

छगनसिंग वर बसून राखण करायचा. मांजरं होती, घारी होत्या, शिवाय भाऊबंद होतेच. तिथे त्याला एक गोष्ट दिसली. दोन माणसांच्या स्वयंपाकाला लागावा त्यापेक्षा धूर फार येत होता. भाकरी झाल्या तरी येत होता. खाली उतरून दारातून डोकावलं तर धनुबाई निखाऱ्यांवर ओल्या शेंगांची टरफलं टाकत होती, पदराने डोळे पुसत होती, आणि कुणी विचारलंच तर चूल नीट पेटत नाही असं सांगायच्या तयारीत होती. कुणी विचारलं नाही. छगनसिंग तर मुळीच नाही.

आणि मग लोणखेड्याहून तिचा भाऊ मगनसिंग गाडी घेऊन आला. संक्रांतीला बहिणीला माहेरी न्यायचं होतं. धनुबाई वर्षभर या गाडीची वाट बघायची. तिचं गाठोडं दिवाळीपासूनच बांधलेलं असायचं.

छगनसिंगने वर जाऊन रांजणात हात घालून पाहिला. मांस अजून मऊ होतं. ही गेली की चूल थंड. तो स्वतः चूल पेटवू शकत नव्हता, कारण डुक्कर हाताळलेल्या हाताने त्या चुलीला शिवणं म्हणजे परत आल्यावर धनुबाईने सगळं घर सारवायला काढणं. थांब म्हणायचं, तर डुकरासाठी बायकोचं माहेर अडवलं, हे लोणखेड्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं गेलं असतं. तो जिना उतरून खाली आला. मांसावर त्याने मनातल्या मनात पाणी सोडलं होतं.

"भाऊ," आतून धनुबाई म्हणाली, "बैलं सोडी दे. मी लगेच येवाव नही."

"का वं? तब्येत बरी शे ना?"

"चूलनं काम शे."

"चूलनं कसं काम?"

"तुले कसाले जोयजे? बायकासनं ऱ्हास काही."

मगनसिंगने बैल सोडले. पाहुणा थांबला म्हणून भाकरी वाढल्या, भाकरी वाढल्या म्हणून धूर वाढला. मगनसिंगने धाब्यावर जाऊन रांजण पाहिला, वास घेतला, आणि तोही मग परतायची घाई करेना.

एका सकाळी चुलीपाशी बसल्या बसल्या धनुबाईने मान वर केली आणि धुराड्याकडे तोंड करून वास घेतला.

"उतारा आते," ती म्हणाली.

छगनसिंगने मांस उतरवलं. वरून काळपट तांबूस, दाबलं तर कठीण. ओट्यावर बसून त्याने विळ्याने पातळ काप काढला. आत गुलाबी निघाला. तोंडात घातला. मीठ, गूळ, मिरी, धूर, आणि त्या धुरातून हळूच येणारी लसणीच्या फोडणीची चव, जी खानसाम्याच्या कापाला नव्हती. मगनसिंगने विचारायचीही वाट पाहिली नाही, दोन काप उचलले. छगनसिंगने डोळे मिटले. उघडले तेव्हा धनुबाई उंबऱ्याच्या आत, पण अगदी आतल्या कडेवर उभी होती.

"कसं व्हयनं?"

चाखून बघ म्हणण्यात अर्थ नव्हता. त्याने प्रामाणिकपणे विचार केला.

"मीठ जरासं जास्त व्हयनं."

"ते तुमनं काम व्हतं," धनुबाई म्हणाली. "आनि धूर?"

"धूरमा खोट काढाले जागा नही."

धनुबाईने मान हलवली. हातावरचं पीठ झटकलं आणि तोंड भरलेल्या भावाकडे वळली.

"मगन, खानं व्हयनं व्हई ते गाडी जुप. माय वाट दखी ऱ्हायनी व्हई."