जोडलेले: एक

आमच्या घरात दोन टॅब होते आणि एक सासू, आणि तिघांनाही वेळेवर चार्जिंग लागायचं. टॅबना वायरीचं, सासूबाईंना चहाचं. नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला जायचा. मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवते. सकाळची बॅच आटोपली की संध्याकाळपर्यंत मी मोकळी. लोकांवर ओरडणं हाच पोटापाण्याचा धंदा असल्यामुळे घरी आल्यावर मला शांतता लागते. ती कधी मिळाली नाही, कारण नवऱ्याला मॉड्यूलर सिंथचं वेड होतं.

ते काय असतं ते सांगते. टॅबच्या पडद्यावर डबे मांडायचे आणि बोटाने एका डब्यातून दुसऱ्या डब्यात वायर ओढायची. एक डबा स्वर काढतो, दुसरा तो स्वर घासून गुळगुळीत करतो, तिसरा कधी वाजायचं आणि कधी गप्प बसायचं ते ठरवतो. या सगळ्या जोडणीला पॅच म्हणतात. दिवसभर लिफ्टच्या वायरी, घरी आल्यावर पुन्हा वायरी. मी त्याला वायरमनच म्हणायची.

मला त्या वायरी झेपल्या नाहीत. माझ्याकडे सिक्वेन्सर होता. चौकोनांची एक रांग असते, जो चौकोन भराल तिथे ठोका पडतो, रिकामा सोडाल तिथे पडत नाही. यात शिस्त होती, म्हणून मला आवडलं. दोघांचे टॅब घरच्या वाय-फायवरून एकमेकांना बांधलेले असत. टेंपो, म्हणजे ठोक्यांचा वेग, मात्र एकच, दोघांत मिळून. एकाने आकडा सरकवला की दुसऱ्याच्या टॅबवरही तो सरकायचा. पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहून यायचं, 'जोडलेले: एक'. म्हणजे तुम्हाला सोडून आणखी एक जण.

मी टेंपो चढवायची, तो उतरवायचा. "अगं, जरा सैल सोड," तो म्हणायचा. "झोप येईल ऐकणाऱ्याला," मी म्हणायची. हे भांडण आमच्या लग्नाइतकंच जुनं होतं. सासूबाई खिडकीजवळच्या आरामखुर्चीतून विचारायच्या, "हे गाणं आहे का फ्रिज बिघडलाय?" आणि एवढं बोलून झाल्यावर बाजू मात्र मुलाचीच घ्यायच्या. टेंपोच्या भांडणातही. त्यांना टेंपो म्हणजे काय हे माहीत नव्हतं, तरीही.

मग एका सकाळी तो उठला नाही. डॉक्टर म्हणाले, झोपेत हृदय मंद होत होत थांबलं असणार. मी शेजारीच होते. मला काही कळलं नाही.

घरात मी आणि आई उरलो. आई म्हणजे सासूबाई, माझी स्वतःची आई कधीच गेली. आईंना दमा आहे, श्वास घेताना छातीतून बारीक शिट्टी वाजते. नवऱ्याला ती शिट्टी फार आवडायची. जाण्याआधी त्याने नवीन पॅच माझ्या टॅबवर पाठवून ठेवला होता. सगळे डबे जोडलेले, एकच सोडून. तो माइकचा डबा होता आणि त्यावर त्याने नाव लिहिलं होतं, 'आई'. आई झोपल्या की त्यांचा श्वास त्यात घ्यायचा आणि त्या श्वासाने सगळा पॅच हलवायचा, असा त्याचा बेत होता. तो अर्धवट राहिला. मी ठरवलं, आपण पुरा करू. दुसरं काय करणार होते मी त्याच्यासाठी?

दुपारी आई खुर्चीत डुलक्या घेऊ लागल्या की मी समोरच्या दिवाणावर टॅब घेऊन बसायची. पहिले काही दिवस नुसते चौकोन भरण्यात गेले. एकदा हात थांबवून ऐकत होते तेव्हा ठोके सैल पडायला लागले. मी नव्वदवर ठेवलेला आकडा आपोआप खाली येत होता. शहाऐंशी. चौऱ्याऐंशी. कोपऱ्यात लिहिलं होतं, 'जोडलेले: एक'.

मी उठून कपाट उघडलं. त्याचा टॅब त्याच्या स्वेटरांखाली होता तसाच होता. बॅटरी कधीच संपली होती, बटण दाबलं तर पडदा काळाच राहिला. मी भाबडी नाही. शेजाऱ्यांपैकी कोणीतरी आमच्या वाय-फायमध्ये घुसलं असेल म्हणून पासवर्ड बदलला. परत येऊन पाहिलं. अजूनही एक.

घाबरायला हवं होतं. मला आनंद झाला. इतका, की तोंडावर उशी दाबून रडले, आई जाग्या होऊ नयेत म्हणून. मग डोळे पुसून टेंपो चढवला, नव्वद. तो हळूहळू उतरला. पुन्हा चढवला, पुन्हा उतरला. मी हसत सुटले. राउटर बंद करून शहानिशा करता आली असती, पण मी राउटरच्या जवळपासही फिरकले नाही.

त्यानंतर माझ्या दुपारी भरून गेल्या. सकाळी गाडीत शिकाऊ माणूस गिअर खरडत असायचा आणि माझं लक्ष घरी. एकदा एक बाई स्टिअरिंग धरून म्हणाली, "मॅडम, तुम्ही झोपलात का? सिग्नल कधीचा हिरवा झालाय." मी तिच्यावर खेकसले. पण खरंच, मला तो हिरवा झालेला दिसला नव्हता.

घरी आईही मागे लागल्या होत्या. "अगं, आरशात बघ जरा. तोंड कसं पांढरं पडलंय."

"तुम्ही तुमची औषधं वेळेवर घ्या आई, माझ्या तोंडाचं मी बघते."

"उलट उत्तरं देण्याइतकी ताकद आहे म्हणजे ठीक आहे," असं त्या म्हणाल्या. पण त्या दिवसापासून दुपारी त्यांची मान खाली असली तरी डोळे किलकिले असायचे. ते मला नंतर आठवलं.

शेवटी मी माइकची वायर ओढली. टॅब मांडीवर ठेवला, आवाज फिरून माइकमध्ये शिरू नये म्हणून हेडफोन लावले आणि आईंच्या खुर्चीकडे तोंड करून बसले. खुर्ची त्या दिवशी खिडकीकडे वळवलेली, पाठ माझ्याकडे होती, वर फक्त पांढरा अंबाडा दिसत होता. हेडफोनमध्ये श्वास आला. खोल, स्वच्छ. आत, बाहेर. श्वास आत आला की पॅचमधले स्वर फुगायचे, बाहेर गेला की निवायचे. शिट्टी नव्हती. मला वाटलं, नवीन औषध लागू पडलं.

मग टेंपो उतरला आणि श्वासही उतरला.

आधी मला तो योगायोग वाटला. मी आकडा चढवला, तर श्वास लगबगीने आला. कोणीतरी पलीकडून उतरवला, श्वास रेंगाळला. ऐंशी, सत्तर. दोन श्वासांच्या मधली जागा वाढत चालली. तो आपल्या आईला न्यायला आला होता, आणि त्याला वाट मीच करून दिली होती. 'आई' लिहिलेल्या डब्याला वायर मीच जोडली होती.

त्या दिवशी मी ॲप बंद करून टाकलं. संध्याकाळी आईंनी चहात साखर कमी म्हणून कटकट केली तेव्हा मला त्यांचा मुका घ्यावासा वाटला. या बाईने मला पहिली काही वर्षं सुखाने जगू दिलं नव्हतं. पण त्याला लहानपणापासून ओळखणारं, त्याच्या नावाने माझ्याशी भांडणारं जगात आता दुसरं कोणी नव्हतं. त्या गेल्या तर मी या घरात काय करणार होते? भिंतींवर ओरडणार होते?

तेव्हाच राउटर उचलून फेकून द्यायला हवा होता. पण ते केलं तर तो गेला. मला दोघंही हवी होती. म्हणून मी ठरवलं, उद्या पुन्हा बसायचं, टेंपो घट्ट धरून ठेवायचा आणि त्याला समजवायचं. मी तरी आयुष्यभर दुसरं काय करत आले होते त्याच्याशी?

दुसऱ्या दिवशी पडदे ओढले, हेडफोन लावले, नव्वद. श्वास आला. आकडा सरळ साठवर गेला. मी बोटाने वर ओढला, तो निसटून खाली आला. पुन्हा ओढला. बोट पडद्यावर घसरत होतं, जोर म्हणून लागत नव्हता. पन्नास. श्वास एकदा आला आणि बराच वेळ दुसरा आला नाही. आई, श्वास घ्या, असं ओरडायला गेले. आवाज फुटला नाही. उठायला गेले तर पाय दुसऱ्या कोणाचे असावेत तसे पडून राहिले. चाळीस. स्वर इतके सुंदर लागले होते की मला त्याचा राग आला. हेच हवं होतं तुला? म्हातारीचा जीव घेऊन?

मी कशीबशी मान वर केली. खुर्ची रिकामी होती.

अंबाडा नव्हता. उशी दबलेली होती, आई नव्हत्या. आणि हेडफोनमध्ये श्वास चालू होता. तो बाहेर गेला, आणि पुढचा आलाच नाही. माइक माझ्या मांडीवर होता. माझ्या तोंडापासून वीतभर अंतरावर. जवळचा आवाज आधी पकडतो तो, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

कानफटात बसली. हेडफोन उडून पडले. हवा छातीत इतक्या जोरात शिरली की दुखलं.

समोर आई उभ्या होत्या. एका हातात राउटर, त्याची वायर जमिनीवर लोळत होती. दुसरा हात अजून उगारलेला. छातीतून जोरजोरात शिट्टी वाजत होती.

"घे," त्या म्हणाल्या. "श्वास घे. आणखी घे. बघत काय बसलीस?"

मी घेत राहिले. मला जायचं नव्हतं. इतके दिवस त्याच्याजवळ बसायला धावत होते, पण त्याच्याबरोबर जायचं मला मुळीच नव्हतं, हे तेव्हा कळलं.

"मला वाटलं तुम्हाला नेतोय," मी म्हणाले.

"मला कशाला नेईल? मी रागावते ना त्याला." आई दिवाणावर माझ्या शेजारी टेकल्या. "मी रोज बघतेय. तू ते घेऊन बसतेस आणि ओठ निळे पडतात. लहानपणापासून एकट्याने झोपायला भ्यायचा तो. कोणाचा तरी हात धरून ओढायचा पांघरुणात. तेव्हाही मी म्हणायची, असू दे, लहान आहे." त्यांनी राउटर मांडीवर ठेवला. "जन्मभर त्याचीच बाजू घेतली मी. आज नाही घेणार."

मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं. असं कधी केलं नव्हतं. त्यांनी ते हलवलं नाही.

जरा दम खाऊन त्या म्हणाल्या, "हे परत लाव."

"काय? नाही आई."

"लाव म्हणते ना. आणि तो माइक माझ्याकडे कर. त्याला ऐकू जाईल ना यातून?"

त्यांच्यापुढे माझं कधी चाललंय? मी राउटर जोडला, प्लगवरचा हात मात्र काढला नाही. दिवे लागले. दुसऱ्या हाताने टॅब त्यांच्या तोंडाजवळ धरला. कोपऱ्यात अक्षरं उमटली. एक.

"आला," मी म्हणाले.

आई फोनवर बोलतात तशा मोठ्याने बोलल्या. "ऐकतोयस ना? हिच्या वाटेला जायचं नाही. हिला अजून पुष्कळ जगायचंय, पुष्कळ लोकांवर ओरडायचंय. सोबत हवी असेल तर मी येते. माझी तयारी आहे."

एवढं बोलून त्या मागे टेकल्या, समाधानाने. माझ्यावर उपकार करून मोकळ्या झाल्यासारख्या.

मी पडद्याकडे पाहिलं. आकडा हलायला लागला होता. या वेळी माझ्या श्वासाशी त्याचा काही संबंध नव्हता. शेजारची शिट्टी वाजत होती, आणि ठोका तिच्यावर नेमका पडत होता. शिट्टी, ठोका. शिट्टी, ठोका. मग दोन्ही जराशी सैल पडली.

"काय म्हणाला?" आईंनी डोळे मिटूनच विचारलं.

"म्हणाला, घाई नाही," मी सांगितलं, आणि प्लग ओढला.