क्राकोमध्ये गाळलेले अश्रू

परदेशात भाड्याने घर मिळवताना किती जोडे झिजतात, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. पण स्वतः घरमालक झालो की ते इतक्या लवकर कसं विसरतो, कोण जाणे! ऑकलंडच्या न्यू लिन भागातले दीनानाथ असेच एक घरमालक. पेनरोजच्या कारखान्यात इंजिनिअर, स्वभावाने बोलघेवडे आणि नुकतेच युरोप करून आलेले.

घरामागची दोन खोल्यांची जागा त्यांना भाड्याने द्यायची होती. मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ते वाचून शिवाजी नावाचा तरुण नर्स रविवारी जागा बघायला आला. त्याची बायको आणि छोटी मुलगी शुक्रवारी भारतातून यायच्या होत्या, आणि तो स्वतः जवळच्या अवोन्डेलला मित्राच्या गॅरेजमध्ये झोपत होता. जागा त्याला पसंत पडली. दीनानाथांनाही तो आवडला. चावी कधी देऊ, असं विचारून त्यांनी त्याला चहाला बसवलं आणि टीव्हीवर सहलीचे फोटो लावले.

"हे पोलंडमधलं क्राको. बॅटरीच्या गाडीत बसवून गाईड सगळं फिरवते. ही ज्यू लोकांची जुनी वस्ती, हे त्यांचं प्रार्थनास्थळ, सिनेगॉग. मग गाडी नदीपलीकडे जाते. नाझींनी या लोकांना राहत्या घरातून काढून तिकडे भिंतीआड कोंडलं हो! त्या भिंतीचा हा तुकडा अजून उभा आहे. आणि या चौकात नुसत्या रिकाम्या खुर्च्या, त्यांच्या आठवणीसाठी. मी तर गाडीतच रडलो. गाईडला म्हटलं, बाई, शेजारीपाजारी गप्प कसे बसले?"

शिवाजी टीव्हीकडे एकटक बघत राहिला.

"बरं, तुमचं आडनाव काय?" दीनानाथांनी विचारलं.

शिवाजीने सांगितलं. ते आडनाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं, तर वाचकहो, तुम्हीही क्षणभर थांबून ताडून बघाल!

दीनानाथांचा चेहरा बदलला. "अच्छा... त्याचं काय आहे, आमचा भाचा येतोय पुढच्या महिन्यात. जागा बहुतेक त्यालाच लागेल."

"भाचा चहा पिता पिता ठरला का, काका?"

"हे बघा, घर आमचं आहे! कोणाला द्यायचं ते आम्ही ठरवू."

"ठरवा की. पण मग ते फोटो तरी बंद करा." अर्धा चहा तसाच ठेवून शिवाजी निघून गेला.

दीनानाथांची बायको विभावरी इतका वेळ ओठ आवळून बसली होती. आता ती कडाडली. "कुठला भाचा रे? तुला बहीण नाही, मला भावंडं नाहीत!"

"तू मध्ये पडू नकोस. घरात देवघर आहे. लोक काय म्हणतील?"

"कुठले लोक? एका बाजूला सामोअन, दुसऱ्या बाजूला चिनी. त्यांना आडनावातलं ओ की ठो कळत नाही. एअरपोर्टवर लोणच्याची बरणीसुद्धा कस्टमवाल्यांना डिक्लेअर करतोस, ही जातीची घाण मात्र गुपचूप आणलीस!"

"म्हणजे मी नाझी?" दीनानाथ ओरडले.

"नाही. त्या संहाराची कशाशीच बरोबरी नको. पण शेजारी गप्प कसे बसले, हे तूच विचारलंस ना? असेच बसले असतील, सोयीची कारणं सांगून. मी बसणार नाही. तू जा, नाहीतर मी जाते त्याला आणायला."

दीनानाथ तणतणत मागच्या अंगणात गेले. पण तिथे त्यांना ऑकलंडमधलं आपलं पहिलं वर्ष आठवलं. फोनवर त्यांचं नाव ऐकताच एका गोऱ्या मालकाने 'जागा गेली' म्हणून सांगितलं होतं, आणि जाहिरात पुढे कितीतरी दिवस तशीच झळकत होती. त्या माणसाला ते आजवर शिव्या घालत आले होते. आज त्याचंच वाक्य आपल्या तोंडून निघालं! त्यांना स्वतःची लाज वाटली.

मंडळाच्या ग्रुपवरून त्या मित्राचा पत्ता काढून ते तडक अवोन्डेलला गेले. गॅरेजच्या दारात उभे राहून म्हणाले, "भाचा-बिचा कोणी नाही. मी खोटं बोललो, चुकलो. जागा तुमची आहे."

शिवाजीने त्यांना आत बोलावलं नाही. "शुक्रवारी माझी मुलगी येतेय. मला नाही म्हणणं परवडत नाही, म्हणून येतो. पण मी माफ केलं, असं समजू नका."

"नाही समजणार," दीनानाथ खाली मान घालून म्हणाले.

बंधुभगिनींनो, दूरदेशीच्या भिंतीपाशी रडायला काहीच लागत नाही! आपली परीक्षा आपल्याच दारात होते, समोर घर मागणारा माणूस उभा असतो तेव्हा. दीनानाथांना त्यांची चूक कळली, शिवाजीला घरही मिळालं, पण त्या दिवशीचा अपमान काही पुसला गेला नाही. म्हणून माफी मागायची वेळ येण्याआधीच, आडनाव विचारणारी जीभ आवरायला शिकूया.