एक तुकडा कमी
डॉक्टरेट अजून पदरात पडायची होती, पण बायकोने नवऱ्याला 'डॉक्टर' म्हणायला कधीच सुरुवात केली होती. अर्थात, कौतुकाने नव्हे! चार वर्षं हा गृहस्थ एकच गोष्ट मोजत होता: मुलांना शिकण्याची ओढ किती. आपल्या लेकीशी शेवटचं निवांत कधी बोललात, असं कुणी विचारलं असतं, तर मात्र दातखीळच बसली असती.

मोजण्याची तऱ्हाही न्यारी. मुलासमोर लाकडी तुकड्यांचं कोडं ठेवायचं आणि घड्याळ चालू करायचं. एक तुकडा डॉक्टरांनी आधीच खिशात घातलेला. म्हणजे कोडं सुटायचा प्रश्नच नाही. पोर जितका वेळ झटेल तितकी त्याची ओढ मोठी. वा रे शास्त्र!

शाळेतली पोरं काय दुधखुळी होती? एकीने तुकडे नुसते पसरले आणि म्हणाली, "सर, यात एक कमी आहे." डॉक्टरांनी नोंद केली: चिकाटीचा अभाव. दुसऱ्याने विचारलं, "हे जमलं तर मधली सुट्टी वाढवून मिळेल?" त्याची ओढ शून्य धरली. सगळे आकडे तळाला गेले, तशा मार्गदर्शक बाई कडाडल्या, "एक तरी चिकाटीचं मूल दाखवा, नाहीतर नवा विषय घ्या."

चार वर्षं पाण्यात! बुडत्याला काडीचा आधार, तशी डॉक्टरांना घरची पोर आठवली.

रविवारी सकाळी त्यांनी जेवणाच्या टेबलावर कोडं मांडलं. लेक बसली. लावायची, मोडायची, पुन्हा लावायची. चहा गार झाला, टेबलावरचं ऊन भिंतीवर चढलं, पण पोर हलेना. डॉक्टरांचं फक्त नाचायचं बाकी होतं.

"बघितलंस? याला म्हणतात चिकाटी. माझ्यावर गेलीय!"

"का बसलीय ते तिलाच विचार की," बायको भाजी चिरता चिरता म्हणाली.

डॉक्टरांनी विचारलं, "बाळा, सुटत नाहीये, तरी सोडून द्यावंसं नाही वाटलं?"

"सुटणार कसं? एक तुकडा तुझ्या खिशात आहे," लेक मान वर न करता म्हणाली. "मला मघाशीच कळलं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू घड्याळ बंद करून उठला असतास ना."

डॉक्टरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी गपचूप खिशातला तुकडा काढून टेबलावर ठेवला आणि सवयीने घड्याळाकडे हात नेला.

लेकीने झटकन त्यावर तळहात ठेवला. "नको ना रे, बाबा. चालू राहू दे."