शेपर्टनचे हिरवे जर्दाळू

पाच डिसेंबरपासून रोजच्या प्रार्थनेत पाऊस मागणारी ओळ म्हणायची, हा ज्यूंचा नेम आमच्यासोबत रशियातून जहाजात बसून आला. तिकडे डिसेंबर म्हणजे हिवाळा. इकडे ऑस्ट्रेलियात, शेपर्टनला भर उन्हाळा, आणि जर्दाळू पिकायला आठवडा राहिलेला. पाऊस पडला की फळ फुटतं.

"झेलिगकाका, यंदा तेवढी ओळ सोडा," बाबा म्हणाले. पाच वर्षं झाडं जगवून ते वाकले होते, आणि हे पहिलंच पीक.

"हजारो वर्षांची ओळ तुझ्या फळांसाठी सोडू?" आम्हा सगळ्यांची प्रार्थना काकाच सांगायचे.

"मग हळू तरी म्हणा."

"देव बहिरा आहे का रे, मेंडेल?"

काकांनी ओळ म्हटली. त्यांच्या प्रार्थनेवर बाबांचा पूर्ण विश्वास, म्हणून आम्ही सगळ्यांनी दोन दिवसांत अख्ख्या बागेतली फळं हिरवीच तोडली.

पाऊस आला नाही. फळं डबाबंद करणाऱ्या कारखान्याने कच्चं फळ परत पाठवलं. शेजारी कुंपणाला टेकून पोटभर हसले.

त्या संध्याकाळी बाबा काकांच्या शेजारी उभे राहिले आणि तीच ओळ सगळ्यांपेक्षा मोठ्याने म्हणाले.

"आता कशाला?" काकांनी विचारलं.

"पडू दे," बाबा खाली बसत म्हणाले. "निदान शहाणा तरी ठरेन."