मेंढीच्या चरबीवरचा बंपर

काराकोल गावच्या मेदेतनं मोबाईलवर तीन व्हिडिओ पाहिले आणि तो फायबरग्लासचा उस्ताद झाला. त्याआधी ह्या माणसानं आयुष्यात फुटक्या बादलीलासुद्धा ठिगळ लावलं नव्हतं. पण ताईच्या नवऱ्याला, म्हणजे जेझदेला, त्यानं असं काही पटवलं की जेझदेनं आपली जपानी गाडीच त्याच्या हवाली केली, वर काम करायला आपल्या रिकाम्या गाळ्याची किल्लीही दिली. जेझदेच्या धाकट्या भावाची नवरी आणायला रविवारी हीच गाडी सगळ्यात पुढे जाणार, तिला रुंद, ऐटबाज बंपर हवा. जमलं तर तो गाळा कायमचा मेदेतचा, तिथे त्याचं स्वतःचं दुकान. नाही जमलं तर मामाबरोबर नोवोसिबिर्स्कला विटा उचलायला.

आता साचा तरी करावा ना? छे. गाडीला असलेल्या बंपरवरच काचेच्या धाग्यांचं कापड अंथरायचं, वर रेझिन चोपडायचं, वाळलं की टरफलासारखं उचलायचं, असा बेत. चिकटू नये म्हणून आधी मेण लावतात, एवढं त्याला माहीत होतं. पण मेणासाठी पार राजधानीला, बिश्केकला कोण जाणार? आई कढईला मेंढीच्या शेपटीची चरबी फासते, कढईला कधी काही चिकटतं का? झालं. अख्खा गोळा बंपरवर चोळला.

मैत्रीण बेगिमाय गाळ्याच्या दारात सूर्यफुलाच्या बिया फोडत उभी होती. तिनं विचारलं, वर कांदा चिरून घालू का. मेदेतनं तिला सांगितलं, कलाकाराच्या कामात बोलू नकोस, आणि अर्ध्या बाह्यांच्या शर्टात कापड कापत बसला. संध्याकाळी काचेची कुसळं टोचून कलाकार भिंतीला पाठ घासत होते.

रेझिन घट्ट होताना तापतं, हे बहुतेक चौथ्या व्हिडिओत असावं. तापलं, चरबी वितळली. जिथून ओघळली तिथे कापड रंगाला कायमचं चिकटलं, जिथे राहिली तिथे नुसता बुळबुळीत लगदा. शनिवारी सकाळी गल्लीतली कुत्री बंपर चाटत होती. मेदेतनं जोर लावून ओढलं, तर रंगासकट ढलप्या हातात आल्या.

जेझदे आला, वाकून पाहिलं, वास घेतला.

"मीठ कमी पडलंय," म्हणाला, आणि करवत घेऊन गाडीचं सगळं नाक कापून काढलं. उघड्या लोखंडावर ताईनं लाल नक्षीचा लोकरी नमदा ताणून बांधला, आणि रविवारी वऱ्हाड निघालं.

नवरीच्या गावात सगळे त्या नमद्याभोवतीच जमले. असली गाडी कुणी पाहिली नव्हती. मागच्या सीटवर मेदेतला वाटलं, बघा, शेवटी माझ्यामुळेच झालं ना हे.

नवरीच्या काकांनी खिडकीत वाकून विचारलं, "कुणी केलं हो हे?"

मेदेतनं हात वर केला. खरंच केला.

जेझदेनं आरशातून त्या हाताकडे पाहिलं.

"हात वर आहेच," तो म्हणाला, "तर त्याच हातानं गाळ्याची किल्ली दे."